देऊळ चौकोनी, फेरा वाटोळा

मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम चालू असताना शाळेतील काही मुलांनी सुतळी आणून गाभारा मोजला. चारही बाजू सारख्या भरल्या. तेव्हा त्यांच्यापैकी एकाने गवंड्याला विचारले की, देऊळ जर असे चौकोनी आहे, तर माणसे त्याच्याभोवती गोल का फिरतात? गवंडी हसला व कामाला लागला. प्रश्न लहान मुलाचा असला तरी लहान नाही. आपल्याकडील बहुतेक जुन्या देवळांचा गाभारा चौरस असतो. देवासमोर मांडावयाचा पाटही चौकोनी. आणि तरीही देवळाशी ज्यांचा म्हणून संबंध येतो, त्या जपमाळ, आरतीचा ओवाळा, घंटा, कळसाखालील आमलक व प्रदक्षिणा या साऱ्या गोष्टी वाटोळ्या आहेत. हे वाटोळेपण आले कोठून व ते देवळात राहते कोठे, याचा थोडा विचार जीर्णोद्धाराच्या निमित्ताने होणे योग्य ठरेल.

प्रथम ‘मंडल’ हा शब्द पाहू. मंडल म्हणजे वर्तुळ. ऋग्वेदाची मंडले दहा आहेत. सूर्यमंडल, तारामंडल हे शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत, आणि भजनी मंडळ तर गावोगाव आहे. महसूल खात्यात काही गावांचा मिळून सजा व काही सजांचे मिळून मंडल होते. त्यावरील अधिकाऱ्यास मंडल अधिकारी म्हणतात, पण गावात अजूनही ‘सर्कल आले’ असेच बोलण्याचा प्रघात आहे. सर्कल म्हणजे पुन्हा वर्तुळच. नकाशात पाहू गेल्यास कोणतेही मंडल गोल नसते. ओढ्यानाल्यांनी व बांधांनी त्याची हद्द वाकडीतिकडी गेलेली असते. भजनी मंडळ तर दोन रांगांत समोरासमोर उभे राहते. तरीही नाव मंडल, कारण त्याला एक मध्य असतो व बाकी सर्व त्या मध्याला धरून असतात. मंडलाची ही खूण ध्यानात ठेवली म्हणजे पुढील गोष्टी समजण्यास सोप्या जातात.

खुंटी व दोरी एवढ्या दोनच साधनांवर वर्तुळ काढण्याची आपल्याकडील परंपरा फार जुनी आहे. यज्ञाच्या वेदी कशा आखाव्यात हे सांगणाऱ्या ग्रंथांना शुल्बसूत्रे म्हणतात. शुल्ब म्हणजे दोरी. त्यांत बौधायन व आपस्तंब यांची सूत्रे प्रसिद्ध आहेत. गार्हपत्य अग्नीचे कुंड वाटोळे, आहवनीयाचे चौरस व दक्षिणाग्नीचे अर्धगोल असावे, मात्र तिन्हींचे क्षेत्रफळ सारखेच भरावे, असा दंडक होता. चौरसाएवढे वर्तुळ काढणे हे काम वाटते तितके सोपे नाही. बौधायनाने त्याची रीत दिली आहे. समजा, १० फूट बाजूचा चौरस आहे. त्याच्या मध्यापासून बाजूपर्यंतचे अंतर ५ फूट व कोपऱ्यापर्यंतचे सुमारे ७.०७ फूट. या दोहोंतील फरक २.०७ फूट आला. त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे ०.६९ फूट, हा ५ फुटांत मिळवावयाचा व तेवढी दोरी धरून वर्तुळ फिरवावयाचे. चौरसाचे क्षेत्रफळ १०० चौरस फूट, तर या वर्तुळाचे सुमारे १०१.७ भरते. शेकड्यास पावणेदोन एवढाच फरक. ज्यांना जमिनीच्या मोजणीतील वाद ठाऊक आहेत, त्यांना दोरीच्या आधारे इतके जवळ जाणे किती कठीण असते, हे सांगावयास नको.

तेव्हा चौकोन व वर्तुळ यांची गाठ आपल्याकडे देवळे होण्यापूर्वीच पडलेली होती.

पुढे बौद्ध धर्माच्या काळात स्तूप उभे राहिले व वर्तुळ ही साक्षात वास्तूच झाली. मध्य प्रदेशातील सांची येथील मोठा स्तूप मुळात सम्राट अशोकाच्या वेळचा व विटांचा होता. नंतर त्याच्यावर दगडी आवरण चढवून तो वाढविला गेला. त्याचा व्यास सुमारे १२० फूट आहे. स्तूप आतून भरीव असतो. त्याला गाभारा नाही, आत शिरावयास दार नाही. मग भाविकाने तेथे करावयाचे काय? तर त्याच्याभोवती चालावयाचे. सांचीला खाली जमिनीवर एक व वर चौथऱ्यावर एक असे दोन प्रदक्षिणामार्ग आहेत. भोवतालच्या दगडी कठड्यावर शेकडो दानलेख कोरलेले आहेत. कोणी एक खांब दिला, कोणी एक आडवी पट्टी दिली, तेवढेच त्याचे नाव. दक्षिणेकडील तोरणावर विदिशा नगरीतील हस्तिदंताचे काम करणाऱ्या कारागिरांनी कोरीव काम केल्याची नोंद आहे. वर्गणीची यादी दगडावर लिहिण्याची ही पद्धत दोन हजार वर्षांची जुनी आहे, हे देणगीदारांनी अवश्य ध्यानी घ्यावे.

पण सांची दूर आहे. कार्ले जवळ आहे. एकवीरा आईच्या दर्शनास जाणारी मंडळी ज्या लेण्याच्या दारावरून जातात, ते मावळातील कार्ल्याचे चैत्यगृह होय. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास ते अखंड डोंगरात कोरले गेले. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी सुमारे ४५ फूट. दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा खांब असून त्यांच्या शिरावर हत्ती व स्त्रीपुरुषांच्या जोड्या आहेत. येथेही दात्यांची नावे आहेत. वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातील बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल याने हे लेणे पूर्ण केल्याचे व ते साऱ्या जंबुद्वीपात उत्तम असल्याचे तेथील लेखात म्हटले आहे. धेनुकाकट गावच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने दरवाजाचे दान केले. काही खांब तर यवनांनी दिलेले आहेत.

एवढे पाहून बहुतेक लोक परत फिरतात. वाचकहो, पुन्हा गेलात तर स्तूपाच्या मागे अवश्य जावे. तेथे लेण्याची भिंत अर्धवर्तुळात वळली आहे व स्तूपाच्या पाठीशी सात खांब आहेत. हे सातही खांब अगदी साधे, अष्टकोनी, ना तळाला घट, ना वर हत्ती. पुढच्या तीस खांबांची श्रीमंती त्यांच्यावर नाही. तेथे उजेडही कमी. मुद्दा असा की, लेणे कोरणाऱ्यांनी स्तूपाची पाठ मागच्या कातळाला चिकटलेली ठेवली असती, तर समोरून पाहणाऱ्याला काहीच फरक दिसला नसता. किती तरी खंडी दगड फोडण्याचे श्रम व दात्यांचा किती तरी पैसा वाचला असता. पण त्यांनी तो कातळ फोडला, स्तूप चारही अंगांनी मोकळा केला व मागे अंधारात एक वाट ठेवली. ती केवळ चालण्यासाठी. पुढील खांब पाहण्याचे, मागील सात खांब फिरण्याचे. मुंबईजवळील घारापुरीच्या लेण्यातही शिवलिंगाचा गाभारा चार दारांचा असून त्याच्याभोवती फिरता येईल अशी जागा डोंगर कोरून मोकळी केलेली आहे. ज्याला आपण मागची बाजू म्हणून दुर्लक्षितो, तिच्यासाठी जुन्या लोकांनी किती छिन्न्या झिजविल्या याची ही साक्ष होय.

स्तूपाच्या मागोमाग देवळे आली व जमिनीवर चौकोनाचे राज्य सुरू झाले. वास्तुशास्त्रात देवळाच्या जागेचे चौसष्ट किंवा एक्याऐंशी घरे पाडून जे आखीव रेखाटन करतात, त्यास वास्तुमंडल म्हणतात. नाव मंडल व आकृती चौकोनी, अशी ही गंमत आहे. मग वर्तुळ गेले कोठे? ते छताला गेले. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील, शिलाहारांच्या वेळचे. अशा जुन्या देवळांच्या सभामंडपात मान वर करून पाहिले असता छतात कमळासारखी एकात एक कडी दिसतात. त्याची युक्ती अशी : चार खांबांवर चार तुळया ठेवल्या की चौकोन होतो. त्याच्या चार कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकले की अष्टकोन होतो. त्यावर दगडांचे एक कडे बसवावयाचे, ते किंचित आत सरकवून. त्याच्यावर दुसरे, आणखी थोडे आत. कड्यातील प्रत्येक दगडाला आत घसरावयाचे असते, परंतु शेजारचे दोन दगड त्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरतात. सगळेच पडू पाहतात म्हणून कोणीच पडत नाही. शेवटी मध्ये राहिलेले भोक एका दगडाने झाकले की काम झाले. चुना नाही, सिमेंट नाही, लोखंड नाही.

एके ठिकाणी मात्र ते भोक झाकलेलेच नाही. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी खिद्रापूर नावाचे गाव आहे. तेथील कोपेश्वराचे देऊळ शिलाहारांच्या काळातील असून यादव राजा सिंघण याने त्या देवास एक गाव दान दिल्याचा शके ११३६ चा शिलालेख तेथे आहे. देवळाच्या पुढील भागास स्वर्गमंडप म्हणतात. अठ्ठेचाळीस खांब. त्यांपैकी अगदी आतील बारा खांब वर्तुळात उभे आहेत. त्यांच्यावर छताची कडी एकापुढे एक सरकत येतात आणि मध्ये सुमारे तेरा फूट व्यासाचे गोल आकाश मोकळे राहते. त्याच्या बरोबर खाली तेवढीच वाटोळी शिळा जमिनीत बसविली आहे. वर सभोवार अष्टदिक्पाल आपापल्या वाहनांवर बसलेले आहेत. त्रिपुरी पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री आपल्या भागात जवळजवळ माथ्यावर येतो. त्या वेळी त्या शिळेवर उभे राहिले असता वर चंद्र व खाली त्याचे चांदणे, मध्ये काही नाही. पाहणारा आपोआप गप्प होतो. गर्दीचा दिवस असला तरी होतो.

चौकोनातून वर्तुळाकडे जाण्याची ही रीत समुद्रापलीकडेही गेलेली दिसते. जावा बेटावरील बोरोबुदुर येथे इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या सुमाराचे मोठे बौद्ध स्मारक आहे. त्याचे खालचे सहा टप्पे चौकोनी, वरचे तीन वर्तुळाकार. वरील तीन टप्प्यांवर बत्तीस, चोवीस व सोळा असे बहात्तर जाळीदार स्तूप असून मध्ये एक मोठा स्तूप आहे. भाविकाने प्रत्येक टप्प्याला फेरी घालीत वर चढावयाचे. या स्मारकाच्या आत पाणी मुरून भिंती खचू लागल्या, तेव्हा इंडोनेशिया सरकारने युनेस्कोच्या साहाय्याने त्याचा जीर्णोद्धार केला व १९८३ साली तो पुरा झाला. चौकोनी टप्प्यांचे दगड सुटे केले, धुतले, त्यांच्यावर क्रमांक टाकले, आतून पाण्याचे पाट काढले व दगड पुन्हा जिथल्या तिथे बसविले.

हे झाले दगडातील वर्तुळ. परंतु गावोगावच्या साध्या देवळांना ना अशी छते ना असे मंडप. तेथे वर्तुळ कोण काढते? ते माणसाचे पाय काढतात. प्रदक्षिणा या शब्दातच ‘दक्षिण’, म्हणजे उजवा हात आहे. देव सतत उजव्या हातास ठेवून चालणे ती प्रदक्षिणा. सूर्यही पूर्वेकडून दक्षिणेच्या अंगाने पश्चिमेस जातो, तीच ही दिशा. हा फेरा एका खोलीभोवतीचा असो वा मोठा असो, नियम तोच. त्र्यंबकेश्वरी श्रावणातील तिसऱ्या सोमवारी लोक ब्रह्मगिरी डोंगराला फेरी घालतात. नर्मदेची परिक्रमा करणारे तर नदी उजवीकडे ठेवून महिनेच्या महिने चालतात आणि मध्ये कोठेही तिचे पात्र ओलांडत नाहीत.

वारीतील गोल रिंगण हा याचाच एक प्रकार म्हणता येईल. तुकाराम महाराजांच्या पालखीचे बेलवाडीस, ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे माळशिरस तालुक्यात पुरंदावडे येथे गोल रिंगण होते. मध्ये पालखी. तिच्याभोवती पताकावाले धावतात, डोईवर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी व पखवाजवाले धावतात. मग अश्व सुटतात. ज्या अश्वावर स्वार नसतो तो माउलींचा. त्याच्या टापांखालील माती लोक कपाळी लावतात. काटेवाडीस तर मेंढपाळ आपली मेंढरे पालखीभोवती फिरवितात. ज्या मैदानात हे होते तेथे एरवी काहीच नसते, व पालखी पुढे गेल्यावरही काही राहत नाही. दोन-अडीच तासांपुरते तेथे एक देऊळ उभे राहते असे म्हणावयास हरकत नाही. भोंडल्याचेही तसेच. पाटावर हत्ती काढावा, भोवती मुलींनी हात धरून फेर धरावा, खिरापत वाटावी, की अंगण पुन्हा अंगण.

यावर काही शिकलेली मंडळी म्हणतात की, हा घाण्याच्या बैलाचा फेरा आहे. दिवसभर फिरून बैल तिथल्या तिथेच. आक्षेप अगदीच पोकळ नाही. मनात संसाराचे हिशेब करीत अकरा फेऱ्या मोजून घराकडे पळणारे पुष्कळ असतात. परंतु बैलाच्या डोळ्याला झापड असते व त्याला मध्यावर काय आहे ते ठाऊक नसते. उलट जपमाळ पाहावी. एकशे आठ मणी व वर एक मेरुमणी. जप करणारा मेरूपाशी आला की त्याला ओलांडत नाही. तेथून माळ उलट फिरवितो. मणी मोजणे बोटांनी सवयीने होते, परंतु मेरू बोटाला लागला की भान येते. फेऱ्याच्या मध्ये ही एक अडवणूक मुद्दाम ठेवलेली आहे, कारण अखंड गोल फिरणाऱ्या मनाला झोप लवकर लागते.

महादेवाच्या देवळात हीच अडवणूक गोमुखाची असते. पिंडीवरील अभिषेकाचे पाणी उत्तरेकडील गोमुखातून बाहेर पडते. ती धार ओलांडावयाची नाही. तेथपर्यंत जाऊन आल्या वाटेने परतावयाचे. म्हणून शंकराची प्रदक्षिणा अर्धी असे सर्व जण म्हणतात, आणि या ‘अर्धी’ शब्दावरूनच जीर्णोद्धाराच्या वेळी गावात एक मोठा पेच निर्माण झाला होता, त्याची नोंद येथे होणे जरूर आहे.

पहिल्या आराखड्यात गाभाऱ्याच्या पाठीशी, पश्चिमेस, एक पक्की खोली दाखविली होती. महाप्रसादाची भांडी, सतरंज्या, स्पीकर ठेवावयास जागा नव्हती, हे खरेच. दरवर्षी चार घरांत सामान ठेवावे लागे व दरवर्षी दोन पातेली कमी भरत. खोली पाहिजे यावर कोणाचेच दुमत नव्हते. प्रदक्षिणेचे काय, असे कोणी विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, महादेवाची प्रदक्षिणा अर्धीच असते, मग मागची वाट लागते कोणाला? उत्तर बिनतोड वाटले. खर्चाचा अंदाजही त्याप्रमाणे झाला. खोलीसाठी म्हणून एका देणगीदाराने रक्कमही जाहीर केली.

बैठकीत मागे बसलेल्या एका वयस्क बाईंनी तेव्हा तोंड उघडले. “आरं बाबांनो, गोमुख हाय उत्तरंला. निघायचं दक्षिणंच्या अंगानं. मग माघारनं गेल्याबिगार गोमुखापातुर जायाचं कसं? अर्धी म्हंजी किती, ते तरी येकदा चालून बघा.”

बैठक उठली व मंडळी खरोखरच चालून आली. नंदीपासून निघाले. दक्षिणेची बाजू पुरी, पश्चिमेची पुरी, उत्तरेची निम्मी, तेव्हा कोठे गोमुख आले. जिला आपण अर्धी म्हणतो ती पाऊण भरली, आणि तिच्या ऐन मध्यावर नेमकी ती खोली येत होती. एवढी वर्षे सर्वांचे पाय जे जाणत होते ते कागदावर आखताना कोणाच्याच ध्यानात आले नाही. आराखडा करणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला मोजावयास दिले होते ते बांधकाम, वाट नव्हे. देणगी जाहीर करणारे गृहस्थ मात्र थोडे दुखावले. त्यांच्या वडिलांचे नाव खोलीवर लागावयाचे होते. दोन दिवस त्यांनी कोणाशी बोलणे ठेवले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ते एकटेच देवळात फेरी घालताना पुजाऱ्यांनी पाहिले, व त्याच दिवशी त्यांनी निरोप पाठविला की, खोली पाराच्या पलीकडे बांधा, रक्कम तीच राहील. खोली आता तेथे आहे. पावसात भांडी आणावयास चिखल तुडवावा लागतो, ही तक्रार रास्त आहे व तेथवर फरशी टाकण्याचे काम शिल्लक राहिले आहे.

मागील वाटेचे जुने दगड पाया दुरुस्तीसाठी काढले, तेव्हा प्रत्येकावर गेरूने आकडा घातला होता. चार फुटले, तेवढे नवे घातले. गोमुखाजवळ जेथून सर्व जण माघारी वळतात, त्या दगडाला टाचांनी वाटीएवढा खळगा पडलेला आहे. गवंड्याचे म्हणणे होते की, तो उलटा बसवावा, खालची बाजू सपाट निघेल. तो होता तसाच बसविला आहे.